पडतो, पडते, पडतं: पहिली-दुसरीच्या वाक्यसंचाच्या ऋतुवार नोंदी

३ जून

शब्दांच्या कार्डपट्ट्या जुळवून मुलांनी वाक्यं करायची, त्यासाठी ऋतुवार संच. पहिला पावसाळ्याचा. सुरुवातीचं क्रियापद 'पडणे' ठरलं. पाऊस पडतो, गार पडते, धुकं पडतं. पुढे थंडी पडते, दव पडतं, ऊन पडतं, सावली पडते. तीन ऋतू आणि तीन लिंगं एका धातूत मावतात, म्हणजे वर्षभर एकच क्रियापद हाताशी राहतं आणि प्रत्येक ऋतूत फक्त नामं नवी येतात. ही रूपं मुलांच्या तोंडात बसलेली असतात. 'पाऊस पडते' असं मराठी घरातलं मूल म्हणत नाही. बोलताना जे आपोआप बदलतं, ते कागदावरही बदलावं लागतं, हे मात्र हाताला कळलेलं नसतं. संचाचं काम तेवढंच.

लगेच एक प्रश्न सोडवावा लागला. पट्टीवर 'धुकं पडतं' लिहायचं की 'धुके पडते'? १९६२ साली मान्य झालेल्या लेखन नियमांनुसार एरवीच्या लेखनात मात्रा असलेलं रूप आणि संवाद लिहिताना अनुस्वाराचं रूप चालतं. पाठ्यपुस्तकात मुलांना दोन्ही दिसतात. पण 'धुके पडते' लिहिलं की 'गार पडते' आणि 'धुके पडते' यांतला फरक पुसला जातो आणि मुलाला दोनच रूपं दिसतात. जुळवणीच्या पट्ट्यांवर म्हणून अनुस्वाराचंच रूप. मात्रेचं रूप वाचनातून येईल, आणि आलं की 'हेही तेच' एवढं सांगायचं.

पावसाळ्याच्या संचातले शब्द: पाऊस, ढग, गार, वीज, छत्री, रेनकोट, बेडूक, गोगलगाय, डबकं, चिखल, फूल, झाड, मुलगा, मुलगी. क्रियापदं सहा: पड, भिज, उघड, चमक, बस, विसर. विशेषणं फक्त दोन, लाल आणि थंड, कारण ही दोन्ही लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. 'गार' हे विशेषण मुद्दाम टाळलं. आकाशातून पडणारी गार संचात असताना दोन्ही पट्ट्या एकसारख्या दिसतात आणि मुलं अडतात.

५ जून

कापणी. ए-फोर आकाराची २५० ते ३०० जीएसएमची (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) कार्डशीट. याहून पातळ कागद तक्त्याच्या कप्प्यात उभा राहत नाही, जाड पुठ्ठा लहान मुलांना दुमडता येत नाही. शीटची रुंदी २१ सेंमी, म्हणून ७ सेंमी उंचीच्या तीन लांब पट्ट्या बरोबर निघतात, तुकडा वाया जात नाही. साध्या शब्दासाठी प्रत्येक लांब पट्टीचे तीन भाग करायचे, एकेक ९.५ सेंमीचा, टोकाला सेंटीमीटरभर उरतं.

७ सेंमी उंची ही देवनागरीची गरज आहे. शिरोरेषा वरच्या कडेपासून २.५ सेंमीवर, म्हणजे वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार यांना वर जागा मिळते. अक्षराची उंची २.५ सेंमी. खाली २ सेंमी उकारासाठी. इंग्रजी शब्दांसाठी केलेले तयार नमुने कमी उंचीचे असतात. त्यात मराठी शब्द बसवला की 'फूल'चा दीर्घ उकार कडेला घासतो किंवा कापला जातो. शिरोरेषेची जागा सगळ्या पट्ट्यांवर आधी पेन्सिलने आखून घ्यावी. पट्ट्या शेजारी ठेवल्यावर रेषा एका पातळीत आली नाही तर वाक्य एकसंध दिसत नाही.

संगणकावर छापताना फॉन्ट पाहून घ्यावा. पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल आणि श येतो. मुलं वहीत पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवतात, तेव्हा पट्टीवरही तोच हवा. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या लिपीविषयक निर्णयातही हीच वळणं आहेत.

१२ जून

पहिली तासिका, २५ मिनिटांची. चार मुलांच्या गटाला एक पिशवी. पिशवीत सगळा संच द्यायचा नाही: तीन नामं, एक क्रियापद, क्रियापदाच्या शेपट्या (तो, ते, तं) आणि एक पूर्णविराम. पंधरा-वीस पट्ट्या एकदम समोर आल्या की मुलं शब्द वाचत बसतात आणि वाक्य राहून जातं.

क्रम असा ठेवला. आधी पाच मिनिटं खरी वस्तू: परातीत पाणी, एक सुकं पान, एक ओला दगड, ड्रॉपरने सोडलेले थेंब. मग प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं आणि शब्दागणिक एक टाळी द्यायची. त्यानंतरच पिशवी उघडायची. पट्ट्या मांडायच्या, बोट ठेवून वाचायच्या, मग एकच पट्टी बदलून पुन्हा वाचायचं. शेवटची पाच मिनिटं वही. एकच पट्टी बदलण्याची पायरी सगळ्यांत मोलाची आहे: 'पाऊस' उचलून 'गार' ठेवली की 'पडतो' आपोआप खटकतं. मूल वाचता वाचता थांबतं आणि हात शेपटीकडे जातो. तो क्षण आला की मोठ्यांनी गप्प राहावं.

रंग प्रश्नांवरून ठरवले. कोण, काय: निळी कड. कुठे: हिरवी. काय करतो, काय होतं: लाल. नाम, क्रियापद हे शब्द या वयात लागत नाहीत.

खाचा असलेल्या, कोड्याच्या तुकड्यांसारख्या एकमेकींत बसणाऱ्या पट्ट्याही करून पाहिल्या आणि लगेच बाजूला ठेवल्या. मुलं खाच जुळवतात, शब्द वाचतच नाहीत. शिवाय 'बेडूक झाडाखाली बसला' आणि 'झाडाखाली बेडूक बसला' ही दोन्ही वाक्यं मराठीत बरोबर आहेत. खाच त्यातलं एकच बरोबर ठरवते आणि दुसऱ्याला विनाकारण चूक म्हणते.

पूर्णविरामाची ३ सेंमीची पट्टी सगळ्यांना आवडते, म्हणून ती आधीच कुठेतरी ठेवली जाते. उपाय सोपा: ती मोठ्यांच्या हातात राहील आणि वाक्य बोट ठेवून शेवटपर्यंत वाचणाऱ्याला मिळेल. मराठीत वाक्याच्या सुरुवातीला मोठं अक्षर नसतं. वाक्य कुठे संपलं आणि पुढचं कुठे सुरू झालं हे या संचात दाखवणारी ही एकच खूण आहे, तेव्हा तिच्याकडे दुर्लक्ष नको.

१९ जून

वह्या पाहिल्या आणि संचातला मोठा दोष सापडला. 'झाडा वर', 'ढगा त', 'पड तो'. पट्ट्यांवर वाक्य बिनचूक आणि वहीत शब्दांचे तुकडे.

कारण आपल्याच मांडणीत आहे. 'झाडा' एका पट्टीवर आणि 'वर' दुसरीवर दिलं, तर मुलाच्या डोळ्याला ते दोन शब्द दिसतात आणि ते तसंच उतरवतं. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामाला चिकटून येतात. 'झाडाखाली' हा एक शब्द आहे, एका टाळीचा. इंग्रजीसाठी बनवलेल्या साहित्यात प्रत्येक शब्द एक पट्टी हे बरोबर चालतं. तीच कल्पना उचलली की मराठी शब्द मधोमध तुटतो.

दुसरं नुकसान याहून खोल. शेपटी वेगळी दिली की मुलं 'पाऊस'ला 'त' जोडून 'पाऊसत' करतात. तोंडाने 'पावसात' म्हणणारं मूल हाताने 'पाऊसत' मांडतं, कारण पट्टीला आतून बदलता येत नाही. तेव्हा शब्द मुलाच्या हातात बदलला पाहिजे आणि बदलूनही एकच राहिला पाहिजे. सुट्या शेपट्या आजपासून बंद.

२३ जून

दुमडती पट्टी. दोन जाती कराव्या लागल्या, कारण शब्द दोन तऱ्हांनी बदलतात.

उलगडती पट्टी. मूळ शब्द जसाच्या तसा राहतो आणि शेवटी काहीतरी वाढतं: ढग-ढगात, चिखल-चिखलात, झाड-झाडावर, छत्री-छत्रीखाली. उजव्या बाजूची झडप मागे दुमडलेली असते. ती उजवीकडे उलगडली की वाढलेला भाग पुढे येतो. ही जात सोपी, सुरुवात हिच्यापासून करावी.

झाकती पट्टी. मूळ शब्दाचा काही भाग नाहीसा होतो: पाऊस-पावसात, बेडूक-बेडकाने, डबकं-डबक्यात, मुलगा-मुलाने. इथे झडप डावीकडे, शब्दावर पडते आणि बदलणारा भाग झाकते. 'पा' उघडा राहतो, 'ऊस' झाकला जातो, झडपेवर 'वसात'. 'मुल' उघडं, 'गा' झाकला, झडपेवर काना आणि 'ने'.

'पाऊस'ची पट्टी करण्याची रीत:

१६.५ सेंमी लांबीची पट्टी घ्यावी. डावीकडे ९.५ सेंमी मूळ शब्दासाठी, बाकी झडप. 'पा' साधारण अडीच सेंमीत बसतो. उरलेल्या ७ सेंमीत नंतर 'वसात' पडायचं असतं, म्हणून 'ऊस' लिहिताना ऐसपैस जागा सोडावी. दुमडीच्या रेषेवर कार्ड पूर्ण कापून दोन तुकडे करावेत, मध्ये १ ते २ मिमी फट ठेवावी आणि पुढून व मागून दोन्हीकडून पारदर्शक चिकटपट्टी लावावी. नुसतं कार्ड दुमडलं तर आठवड्याभरात तुटतं, कारण झडप पुढे आणि मागे दोन्हीकडे फिरावी लागते: पुढे पडली की 'पावसात', मागे गेली की 'पाऊस'. मागे जाण्याची सोय ठेवली नाही तर 'पाऊस' आणि पुढचा शब्द यांत ७ सेंमीचं रिकामं मैदान दिसतं.

झडपेवरचा मजकूर तिच्या पाठीवर लिहायचा, पुस्तकाचं पान उलटल्यावर मागचा मजकूर सरळ दिसतो तसा. शिरोरेषा 'पा'च्या रेषेला तंतोतंत मिळाली पाहिजे. अर्धा सेंमीचा फरक पडला तरी मुलं 'पा' आणि 'वसात' वेगळं वाचतात.

छापताना एक अडचण येते. नुसता काना टाइप केला तर संगणक त्याला ठिपक्यांचं वर्तुळ जोडतो आणि ते छापलंही जातं. म्हणून 'मुलाने' पूर्ण शब्द छापावा आणि 'मुल'नंतर कात्रीने कापावं. हातकापणीत शिरोरेषाही बरोबर जुळते.

काही शब्दांत पहिल्याच अक्षराची खूण बदलते: फूल-फुलावर, वीज-विजेने, ऊन-उन्हात. दीर्घाचा ऱ्हस्व होतो आणि वेलांटी तर अक्षराच्या उजवीकडून डावीकडे जाते. इथे अर्धा शब्द झाकून भागत नाही, पूर्ण झाकावा. असे शब्द दुसऱ्या महिन्यात द्यावेत.

क्रियापदासाठी छोटी पुस्तिका: डावीकडे 'पड' कायम, उजव्या भागावर एकावर एक चार पानं, तो, ते, तं, तात. पानं उजव्या कडेला स्टेपल करायची. पिन वरच्या बाजूला मारली तर मात्रा आणि अनुस्वार झाकले जातात. पिनची टोकं मागून चिकटपट्टीने झाकावीत, लहान बोटांना लागतात.

१ जुलै

कप्प्यांच्या तक्त्यावर 'फूल' ठेवलं आणि मुलांनी 'फल' वाचलं. 'मुलगा'चा 'मलगा'. पहिल्यांदा वाचनातली चूक वाटली. तक्त्यासमोर मुलांच्या उंचीवर बसून पाहिल्यावर उलगडा झाला: कप्पा ३ सेंमी खोल, कागद अपारदर्शक, आणि पट्टीच्या तळाचे ३ सेंमी त्यात गडप. उकार जिथे लिहिलेला, नेमका तोच भाग. मुलं जे दिसलं ते बरोबर वाचत होती.

दोन उपाय. कप्पे पारदर्शक प्लास्टिकचे करावेत, किंवा दोरी आणि कपड्यांचे चिमटे वापरावेत. दोरीच जास्त आवडली. चिमटा दाबताना बोटांना व्यायाम होतो, जो या वयात पेन्सिल धरायला उपयोगी पडतो, आणि वाक्य सगळ्या वर्गाला दिसतं. चिमटा पट्टीच्या वरच्या कोपऱ्याला लावावा, मधोमध लावला तर मात्रा झाकते. दोरी मुलांच्या छातीच्या उंचीवर आणि ताणून बांधलेली हवी. सैल असेल तर पट्ट्या घसरून मध्ये गोळा होतात आणि शब्दांमधली जागा नाहीशी होते.

९ जुलै

भूतकाळ. 'उघड' या क्रियापदाने सुरुवात: मुलाने डबा उघडला, मुलाने छत्री उघडली, मुलाने दार उघडलं. क्रियापद इथे मुलाकडे बघत नाही, उघडलेल्या वस्तूकडे बघतं. 'मुलाने'च्या जागी 'मुलीने' ठेवलं तरी 'उघडला'चं 'उघडली' होत नाही. हे सांगून समजत नाही, पट्टी बदलून लगेच समजतं. आधी 'कोण'ची पट्टी बदलायची, शेपूट तशीच राहते. मग 'काय'ची बदलायची, शेपूट हलते. असं चार-पाच वेळा झालं की मुलं वस्तूची पट्टी उचलतानाच दुसरा हात शेपटीवर ठेवतात.

'भिजणे' उलट वागतं: मुलगा भिजला, मुलगी भिजली, पाखरू भिजलं. हे दोन्ही प्रकार एकाच दिवशी देऊ नयेत. मध्ये निदान चार-पाच दिवस जाऊ द्यावेत.

'विसर' संचात घेतल्याचा आज त्रास झाला. 'मुलाने छत्री उघडली' नीट बसलं, म्हणून मुलांनी 'मुलाने छत्री विसरली' जुळवलं. विसरणे या क्रियापदाला वस्तू असूनही 'ने' लागत नाही: मुलगा छत्री विसरला, मुलगी छत्री विसरली. पिणे, शिकणे, बोलणे, भेटणे यांचंही तसंच. पावसाळ्यात छत्री विसरण्याचं वाक्य येणारच, तेव्हा शब्द काढून टाकण्यापेक्षा पट्टीच्या मागे काळा ठिपका दिला. ठिपका म्हणजे 'कोण'ची झडप मागेच राहील. कारण विचारलं तर खरं उत्तर द्यावं: काही क्रियापदं अशीच आहेत, ती ओळखीने कळतात.

'मी'चीही गंमत सांगायची राहू नये. मी छत्री उघडली, मी डबा उघडला. 'मी'ला 'ने' दिसत नाही, पण शेपूट वस्तूप्रमाणेच.

२२ जुलै

दमट हवेने पट्ट्या वळल्या. स्केचपेनची शाई ओल्या बोटांनी पसरली, 'गार'चा काना पुसट झाला. नव्या पट्ट्या १२५ मायक्रॉनच्या पाऊचमध्ये लॅमिनेट केल्या. दोन गोष्टी सांभाळाव्यात: कापताना कडेला ३-४ मिमी प्लास्टिक सोडावं, नाहीतर कड उघडते आणि पाणी आत जातं. आणि दुमडती पट्टी अखंड लॅमिनेट करू नये, दोन तुकडे वेगळे करून मग चिकटपट्टीने जोडावेत. अखंड प्लास्टिक दुमडीवर पांढरं पडून चिरतं.

६ ऑगस्ट

मुलं रंग वाचू लागली आहेत. निळी, हिरवी, लाल अशी ओळ लावून हात वर. 'छत्री डबक्यात बसली' तयार होतं आणि कुणाला काही खटकत नाही. व्याकरणाने वाक्य बरोबर आहे, म्हणून ते चूक म्हणायचं नाही. मुलांना विचारायचं, असं दिसलं का? 'हो', 'नाही', 'गोष्टीत होऊ शकतं' असे तीन डबे ठेवले आणि वाक्य वाचून योग्य डब्यात टाकायला लावलं. अर्थाकडे लक्ष परत आलं.

त्याबरोबर रंगही उतरवायचे. पहिले तीन-चार आठवडे पूर्ण रंगीत कड, पुढचे तीन आठवडे शब्दाखाली बारीक रंगीत रेघ, त्यानंतर फक्त पट्टीच्या पाठीवर ठिपका. ज्याला अडेल त्याने पट्टी उलटून पाहावं. रंग एकदम काढला तर पहिल्याच दिवशी गोंधळ होतो.

१८ नोव्हेंबर

हिवाळ्याचा संच: थंडी, धुकं, दव, शेकोटी, टोपी, स्वेटर, आरसा, वाफ, ससा. 'पड'ची पुस्तिका तीच. थंडी पडते, धुकं पडतं, दव पडतं ही वाक्यं दहा मिनिटांत झाली.

मग 'मुलगा थंडी वाजतो'.

असं कोणतंही मूल बोलत नाही. ते 'मला थंडी वाजते' असंच म्हणतं. पण पाच महिने निळी पट्टी आधी ठेवायची सवय लागली आणि निळी पट्टी म्हणजे 'कोण'. इथे थंडी अनुभवणारा 'कोण' नाही, 'कोणाला' आहे, आणि वाजते ती थंडी. चूक मुलांची नाही, रंगाच्या योजनेची आहे. पिवळी कड नवी आणली: कोणाला? मी-मला, मुलगा-मुलाला, मुलगी-मुलीला, ससा-सशाला. पिवळ्या पट्टीनंतर पुढचा शब्दच शेपूट ठरवतो:

मला घाम येतो.
मला थंडी वाजते.
मला ऊन लागतं.

ही तीन वाक्यं एकाखाली एक लावून 'मला'च्या जागी 'मुलीला' ठेवायचं. एकही शेपूट हलत नाही. 'थंडी' उचलून 'घाम' ठेवला की मात्र क्रियापद बदलावं लागतं.

पिशवी उघडण्याआधी वाक्य तोंडाने बोलायची पायरी मधल्या काळात गळली होती. ती परत आणली. ती गळली की अशा चुका लगेच वाढतात.

४ डिसेंबर

आरशाची तासिका. खिशात मावेल एवढा आरसा प्रत्येक गटाला. आरसा थंड हवा. दुपारी गरम असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून आधी थोडा वेळ ठेवावा. तोंड उघडून 'हा' करत सावकाश श्वास सोडला की काच धूसर होते. ओठांचा चंबू करून फुंकर मारली तर वाफ नीट जमत नाही, कारण वेगाने जाणाऱ्या श्वासात आजूबाजूची कोरडी हवा मिसळते. मुलं आधी फुंकरच मारतात. दोन्ही करून पाहू द्यावं, वाक्यं त्यातूनच मिळतात.

मुलीने आरसा पुसला. आरशावर वाफ जमली. वाफेवर रेघ काढली. वाफ उडाली.

'आरसा'ने पट्ट्यांची आणखी एक तऱ्हा दाखवली: आरसा-आरशावर, ससा-सशाला. 'सा'चा 'शा' होतो. झाकती पट्टीच, 'आर' उघडा आणि 'सा'वर 'शावर' पडतो. 'आरसावर' असं मांडणारी मुलं स्वतः मोठ्याने वाचताना थबकतात. कान हाताच्या पुढे असतो.

स्वेटर लिंगाच्या सरावातून काढला. कुणाच्या घरी 'स्वेटर घातला', कुणाच्या घरी 'स्वेटर घातलं'. उधार घेतलेल्या काही शब्दांचं लिंग घरोघरी वेगळं असतं. मूल आपल्या घरचं बोललं तर ते चुकलं म्हणणं बरं नव्हे. 'टोपी घातली' ठेवलं.

१२ जानेवारी

पट्टीवरून वहीत. मुलं अक्षर पाहतात, अक्षर लिहितात, पुन्हा मान वर. 'धुक्यात' लिहायला चार वेळा मान वर आणि मधली जोडणी सुटते: 'धुकयात'. नवी रीत: शब्द वाचायचा, पट्टी उलटी करायची, लिहायचा, मग सुलटी करून पडताळायचा. वाक्य नाही, एकेक शब्द. हळू वाटतं, पण जोडाक्षर अखंड उतरतं. शब्दांमधल्या जागेसाठी आईस्क्रीमची चपटी काडी उभी ठेवून पुढचा शब्द लिहायचा. डावखुऱ्या मुलांना काडी अडते, त्यांनी पेन्सिलने बारीक ठिपका द्यावा आणि नंतर पुसावा.

१० मार्च

उन्हाळ्याचा संच: ऊन, सावली, वारा, घाम, रुमाल, टोपी, फडकं, पाणी. आज पहिल्यांदा बदलणारं विशेषण.

एकाच कापडाचे, एकाच मापाचे दोन रुमाल भिजवून सारखेच पिळले. एक उन्हात दोरीवर, एक सावलीत. दर दहा मिनिटांनी गालाला लावून बघायचं. गालाला ओल हातापेक्षा सहज जाणवते. प्रत्येक फेरीनंतर एक वाक्य दोरीवर. रुमाल वेगवेगळे पिळले गेले तर सावलीतला आधी वाळू शकतो आणि वाक्यं उलटी येतात, म्हणून पिळण्याचं काम एकानेच करावं.

मग रुमालाशेजारी ओली टोपी आणि ओलं फडकं आणलं:

ओला रुमाल वाळला.
ओली टोपी वाळली.
ओलं फडकं वाळलं.

'ओला'ची पुस्तिकाही क्रियापदासारखीच, 'ओ' कायम आणि ला, ली, लं अशी पानं. दोन पुस्तिका, मध्ये नाम. नाम बदललं की दोन्ही हात एकदम चालतात, एक डावीकडचं पान उलटतो, एक उजवीकडचं. वाक्य वाचताना दोन्ही टोकांना एकच स्वर ऐकू येतो आणि मुलं तो ओढून म्हणतात. वर्षभरात सगळ्यांत पटकन जुळलेली वाक्यं हीच.

पुढची पायरी आठवड्याने: ओल्या रुमालाने, ओल्या टोपीने, ओल्या फडक्याने. इथे तिन्ही लिंगांना एकच 'ओल्या' पुरतो. पुस्तिकेत चौथं पान जोडलं, नामाची झडप फिरली की विशेषणाचंही तेच पान. विशेषण तसंच ठेवून 'ओला रुमालाने' करणं ही इथली नेहमीची चूक.

'मुलाने पाणी प्यायलं' मांडलं गेलं. काळा ठिपका 'पी'च्या पुस्तिकेवर राहून गेला होता, दिला. मुलगा पाणी प्यायला, मुलगी पाणी प्यायली.

२८ मार्च

दोन वाक्यं जोडणे. पांढऱ्या पट्ट्या तीन: आणि, पण, म्हणून. रीत एकच, हाताची. पहिल्या वाक्याचा पूर्णविराम उचलायचा आणि त्याच जागी पांढरी पट्टी ठेवायची. उचललेला पूर्णविराम पिशवीत परत. हे न करता पट्टी नुसती मध्ये घुसवली की वहीतही 'रुमाल उन्हात होता. म्हणून रुमाल वाळला.' असं उतरतं.

मग दुसऱ्या वाक्यातला 'रुमाल' काढून पाहायचा: रुमाल उन्हात होता म्हणून वाळला. तरीही कळतं का? कळतं. म्हणजे तो शब्द नको होता. पट्टी काढून टाकून वाक्य चांगलं होतं हे मुलांना नवीन असतं. आतापर्यंत त्यांनी फक्त पट्ट्या वाढवल्या होत्या.

'पण'साठी दोन वाक्यं खरोखर वेगळ्या दिशेची हवीत: टोपी वाळली पण रुमाल ओला आहे. 'टोपी वाळली पण फडकं वाळलं' आलं तर दोरीकडे बोट दाखवून विचारावं, दोघांचं वेगळं झालं की सारखं? सारखं असेल तर 'आणि'.

८ एप्रिल

संच आवरणे. कोरड्या फडक्याने पुसून, झडपा उघड्या ठेवून सपाट रचायचं. झडपा दुमडून ठेवल्या तर चिकटपट्टी त्याच आकारात बसते आणि जूनमध्ये झडप मागे जात नाही. ऋतूचं नाव लिहिलेल्या तीन पिशव्या. 'पड', 'ओला' आणि पूर्णविराम चौथ्या पिशवीत, कारण त्या वर्षभर लागतात. प्रत्येक पिशवीत शब्दांची यादी, नाहीतर हरवलेली पट्टी नव्या वर्षीच्या पहिल्या तासिकेत कळते.

पुन्हा करायच्या पट्ट्या: 'पड'मधलं 'तं'चं पान फाटलं. 'उन्हात'ची झडप सुटली. 'गोगलगाय' ९.५ सेंमीत दाटीने बसवली होती, ती १२ सेंमीवर घ्यायची. सशाच्या पट्टीवर 'सशाने'ची दुसरी झडप हवी. पूर्णविराम तीन कमी आहेत.